अहवालातलं ± ०.८

आमच्या प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल जातो तेव्हा शिशाच्या ओळीत एक नाही, दोन आकडे असतात. परवाच्या एका अहवालात ते होते ९.४ ± ०.८, मायक्रोग्रॅम प्रति लीटर. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाची मर्यादा १० आहे (मानकात ०.०१ मिलिग्रॅम प्रति लीटर असं छापलेलं असतं, ते हेच). अहवाल हाऊसिंग सोसायटीचा होता. सेक्रेटरी काकांचा फोन आला, "मॅडम, ते प्लस-मायनस काढून द्या ना. सभासद उगाच विचारत बसतात. पाणी चांगलं की वाईट एवढंच लिहा."

ते मी काढत नाही. या क्षेत्रात काम करायला लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलंय की त्या ओळीतला सगळ्यात प्रामाणिक आकडा तोच आहे. आणि त्याच वेळी हेही खरं की तो आकडा अपुरा असतो. या दोन्ही गोष्टी एकदा नीट लिहून काढायच्या होत्या, म्हणून ही पोस्ट.

± ०.८ म्हणजे आम्ही ०.८ ने चुकलो असं नव्हे. आम्हाला मिळालेल्या बाटलीतल्या पाण्यात शिसं ८.६ ते १०.२ च्या दरम्यान असण्याची शक्यता साधारण ९५ टक्के आहे, एवढंच तो सांगतो. आता या पट्ट्याचं वरचं टोक मर्यादेच्या पुढे गेलंय. गणित केलं तर बाटलीतलं खरं मूल्य १० च्या वर असण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास येते. मग हे पाणी पास की नापास?

उत्तर नियमावर अवलंबून आहे, आणि तो नियम आधी ठरवायचा असतो. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीने हे स्पष्टच केलं: अहवालात 'मर्यादेत आहे' असं विधान करायचं तर अनिश्चितता कशी धरली ते लिहून ठेवायचं, ग्राहकाला सांगायचं. साधा नियम लावला, म्हणजे ९.४ हा १० पेक्षा कमी, विषय संपला, तर पाणी पास. सावध नियम लावला, म्हणजे मर्यादेतून ०.८ वजा करून ९.२ पर्यंतच बिनधास्त पास म्हणायचं, तर हेच पाणी त्या रेषेच्या वर जातं. माझं मत विचाराल तर लहान मुलं पिणार आहेत त्या पाण्याला सावध नियमच लावावा. शिशाची अमुक मात्रा मुलांना निर्धोक, असा आकडा आजवर कुणाला ठरवता आलेला नाही.

तर हे ०.८ येतं कुठून? आमच्याकडे आयसीपी-एमएस हे यंत्र आहे. त्यात नमुन्याचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात जातो, धातूंचे आयन होतात आणि वस्तुमानाप्रमाणे वेगळे मोजले जातात. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ हे तिन्ही समस्थानिक मोजून बेरीज करतो, कारण त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक बदलतं. (ते इतकं बदलतं की शिशाच्या अणुभाराला आता एकच आकडा न देता २०६.१४ ते २०७.९४ अशी पट्टी देतात. मला हे फार आवडतं.) मग घटक मांडायचे. विकत आणलेल्या प्रमाण द्रावणाची अनिश्चितता ०.२ टक्के. पिपेट आणि फ्लास्क मिळून ०.६. कॅलिब्रेशनची, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणांवरून यंत्र जुळवून घ्यायची, रेषा १.५. तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर येणारा फरक २.५. आणि रिकव्हरी, म्हणजे माहीत असलेलं शिसं मुद्दाम घालून ते किती परत मिळतं त्यातली अनिश्चितता, ३ टक्के. यांची सरळ बेरीज करायची नाही. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. ते येतं ४.२ टक्के. ९५ टक्क्यांच्या खात्रीसाठी त्याची दुप्पट, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आत. ९.४ चे तेवढे टक्के म्हणजे ०.८.

यात खरी मेख वर्गात आहे. ३ चा वर्ग ९ आणि ०.२ चा वर्ग ०.०४. म्हणजे प्रमाण द्रावण दुप्पट महाग आणलं तरी उत्तर हलत नाही. नवीन मुलं लॅबमध्ये येतात तेव्हा पिपेटच्या सर्टिफिकेटवर तासभर चर्चा करतात, पण स्पाइकची, म्हणजे त्या मुद्दाम घातलेल्या शिशाची, रिकव्हरी ९१ टक्के का आली हे विचारत नाहीत. मोठा घटक सापडला की सगळा वेळ त्याला द्यायचा, छोट्यांना हात जोडायचे. एवढी एक सवय मला त्यांना लावता आली तर पुरे.

आता त्या ०.८ च्या अपुरेपणाकडे येते. विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९८० मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक लेख लिहिला. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून केलेल्या तुलनांचे ढीगभर आकडे त्यांनी एकत्र मांडले आणि दाखवून दिलं की मोजायचा पदार्थ जितका कमी, तितका प्रयोगशाळांमधला फरक मोठा, आणि तोही ठरावीक पद्धतीने. मात्रा शंभर पटींनी खाली गेली की फरक दुप्पट होतो. दहा लाखात एक भाग असेल तर सुमारे १६ टक्के. अब्जात १० भाग असतील, म्हणजे नेमकी आपली शिशाची मर्यादा, तर ३२ टक्के. पुढे असं दिसलं की इतक्या खालच्या पातळीवर प्रत्यक्षात फरक २२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि आजची यंत्रं त्याहूनही चांगलं काम करू शकतात. तरीही आमचे ४ टक्के आणि हे २२ टक्के शेजारी ठेवून बघा. एका लॅबने स्वतःच्या चार भिंतींत काढलेली अनिश्चितता नेहमी थोडी आत्मविश्वासाची असते. म्हणून आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळांबरोबरच्या तुलना-चाचण्यांत भाग घेतो, आणि तिथे आमचा आकडा आमच्याच पट्ट्याबाहेर पडायला लागला तर पट्टा रुंद करायचा हे ठरलेलं आहे.

पण काही गोष्टी कुठल्याच वर्गमुळात बसत नाहीत. त्यातली पहिली म्हणजे बाहेरून येणारं शिसं.

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात विहिरीचे नमुने घ्यायला आमच्या लॅबमधला एक मुलगा गेला होता. शनिवार होता. नमुन्यांबरोबर आम्ही नेहमी एक 'फील्ड ब्लँक' पाठवतो: लॅबमधलं अतिशुद्ध पाणी बरोबर न्यायचं, विहिरीशेजारी उभं राहून रिकाम्या बाटलीत ओतायचं, त्यातही आम्ल घालायचं आणि परत आणायचं. त्या पाण्यात शिसं नसतंच, त्यामुळे जे सापडेल ते वाटेतलं. त्या दिवशीच्या ब्लँकमध्ये ४ सापडलं आणि विहिरीच्या नमुन्यात ६. दिवसभराचा क्रम त्याला विचारला, तर सकाळी मारुतीचं दर्शन घेऊन तो कामाला निघाला होता, आणि बोटाला शेंदूर होता. परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, त्यात वजनाने ९० टक्क्यांहून जास्त शिसं. त्या दिवशी शेंदूरच कारणीभूत होता असा माझा दावा नाही. पण मी तेव्हा बसून हिशेब केला आणि तो आकडा अजून डोक्यातून गेलेला नाही. केसाच्या जाडीएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या सहा शतांश भाग रुंदीचा, शेंदराचा एक गोल कण घ्या. त्याचं वजन भरतं साधारण १ मायक्रोग्रॅम. आमची बाटली १०० मिलिलीटरची. तेवढ्या पाण्यात १ मायक्रोग्रॅम पडलं की प्रति लीटर १० होतं. एक कण, जो डोळ्याला धड दिसतही नाही, त्याने जवळजवळ पूर्ण मर्यादा भरून टाकली.

ते नमुने आम्ही रद्द केले आणि पुन्हा घेतले. गावाला पैसे लावले नाहीत. ब्लँक पाठवलाच नसता तर? विहिरीत ६ शिसं, ± ०.५, असा अगदी सुबक अहवाल गेला असता.

तेव्हापासून आमची माणसं जोडीने जातात. अमेरिकी पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म धातूंसाठी जी नमुना घ्यायची पद्धत लिहिली त्यात हे आहे: एकाने फक्त बाटली आणि आतली पिशवी हाताळायची, गाडीचं दार, दोरी, पेन, मोबाइल, सगळं दुसऱ्याने. बाटल्या आधी रात्रभर दहा टक्के नायट्रिक आम्लात बुडवून, धुऊन, दोन पिशव्यांत बंद केलेल्या. हातमोजे पावडर नसलेले. लोक बघून म्हणतात, पाण्याची एक बाटली भरायला एवढा सोहळा? हो, एवढा लागतो.

याची जाणीव जगाला ज्यांनी करून दिली ते अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचं वय त्यांनी काढलं. १९५६ चा त्यांचा आकडा: ४५५ कोटी वर्षं, अधिक-उणे ७ कोटी. उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून तो काढताना त्यांना जिकडेतिकडे शिसंच सापडायला लागलं. हवेत, पाण्यात, भांड्यांत, माणसांच्या अंगावर. म्हणून त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली, आणि मग पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध आयुष्यभर भांडले. १९८० मध्ये त्यांनी डोरोथी सेटल यांच्याबरोबर ट्यूना माशातल्या शिशाचं मापन प्रसिद्ध केलं. डब्यातल्या माशात नैसर्गिक प्रमाणाच्या दहा हजार पट शिसं होतं, आणि हे दशकानुदशकं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इतर प्रयोगशाळा ताज्या माशातही भरपूर शिसं मोजत होत्या. ते शिसं त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचं होतं. त्या प्रयोगशाळांचे आकडे पुन्हा पुन्हा मोजून जुळतही असतील. पुनरावृत्ती चांगली आली म्हणजे उत्तर बरोबर आलं, हा गैरसमज किती महागात पडू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. सोसायटीच्या त्या ९.४ कडे परत येऊ. मी काकांना विचारलं, बाटली कुणी भरली, कधी भरली? त्यांनीच, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाची, सकाळी दहाच्या सुमारास. तोवर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी, भांडी झालेली. म्हणजे रात्रभर पाइपात साचून राहिलेलं पाणी केव्हाच वाहून गेलेलं. इमारत जुनी, पाइप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे, नळ आणि व्हॉल्व्ह पितळी. पितळ चांगलं कातलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालायची जुनी पद्धत आहे, आणि गॅल्व्हनाइजिंगच्या जस्तातही शिशाची अशुद्धी असते. पाणी जितका वेळ अशा धातूला लागून थांबेल तितकं शिसं उचलतं. अमेरिकेत १९९१ पासून नियमच आहे की नळ किमान सहा तास बंद ठेवून पहिलं एक लीटर पाणी घ्यायचं.

हा नियम वाकवला की काय होतं ते मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने दाखवलं. एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी फ्लिंट नदीवर आणलं, पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं सुटायला लागलं. तिथल्या एकाच घरातले आकडे बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये १०४. मार्चमध्ये ३९७. नंतर व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने त्याच घरात वेगवेगळ्या प्रवाहाने बऱ्याच बाटल्या भरल्या, तेव्हा सगळ्यात वरचा आकडा १३,२०० मायक्रोग्रॅम प्रति लीटर. प्रत्येक बाटलीचं विश्लेषण अगदी अचूक झालं असं धरलं, प्रत्येकापुढे ± ८ टक्के लिहिलं, तरी त्या घराबद्दल त्या ± मधून काय कळलं? काहीच नाही. शिसं कणांच्या रूपात सुटत होतं, एका बाटलीत येत होतं, दुसरीत नाही. शिवाय शहरात नमुने घेताना आदल्या रात्री नळ वाहू द्या, अशा सूचना दिल्या जात होत्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेला लेखी सांगावं लागलं की आदल्या रात्री पाणी वाहू देऊ नका, नळाची जाळी काढू नका, रुंद तोंडाची बाटली वापरा. रुंद तोंडाची का, तर नळ पूर्ण सोडून भरता यावी म्हणून. जोराच्या प्रवाहात कण सुटून येतात, बारीक धारेत येत नाहीत.

कणांची पंचाईत बाटलीतही होते. ते तळाशी बसतात, भिंतीला चिकटतात. म्हणून आम्ही नमुना आला तसा वरून चमचाभर घेत नाही. त्याच बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सोळा तास तरी ठेवतो, मगच मोजतो. पाणी गढूळ असेल तर सरळ डायजेशन, म्हणजे आम्लात तापवून कण विरघळवणं. घाईत असलेल्या ग्राहकाला हे सोळा तास पटत नाहीत, पण त्यावर मी तडजोड करत नाही.

मातीत तर ही तफावत डोळे पांढरे करते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर असतात. मातीचं तसं नसतं. बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या एका बंद पडलेल्या भट्टीच्या आवारात आम्ही दोन पावलांच्या अंतरावर दोन नमुने घेतले. एकात किलोमागे २१० मिलिग्रॅम शिसं, दुसऱ्यात ६९०. दोन्ही वाळवले, चाळले, एकाच दिवशी मायक्रोवेव्हमध्ये विरघळवले. लॅबची अनिश्चितता ८ टक्के, आणि जमिनीवर दोन पावलांत तिप्पट फरक. नमुना घेण्यातली अनिश्चितता कशी मोजायची यावर युराकेम या युरोपातल्या विश्लेषण-प्रयोगशाळांच्या संघटनेचं २००७ चं मार्गदर्शन आहे. पद्धत साधी आहे: किमान आठ ठिकाणी, नव्याने गेल्यासारखं करून, दुसरा नमुना घ्यायचा, प्रत्येकाचं दोनदा विश्लेषण करायचं, आणि किती फरक जमिनीचा, किती नमुन्याचा, किती यंत्राचा ते वेगळं काढायचं. त्यात पश्चिम लंडनमधल्या जुन्या कचराभूमीवरच्या शिशाचं उदाहरण आहे. एकूण अनिश्चितता ८० टक्क्यांच्या वर, आणि त्यात विश्लेषणाचा वाटा जवळजवळ नाहीच.

मग लॅब ± ८ लिहून मोकळी कशी होते? कारण नमुना ग्राहकाने आणून दिला असेल तर आमची जबाबदारी बाटलीपासून सुरू होते, आणि अहवालात तसं लिहायचं बंधन आहे: निष्कर्ष मिळालेल्या नमुन्यापुरते. ही ओळ शेवटी बारीक अक्षरात असते. माझं म्हणणं आहे की ती मोठ्या अक्षरात, आकड्याच्या शेजारी हवी. ± ०.८ त्या बाटलीचं आहे. इमारतीचं ± कुणी मोजलेलंच नाही. अहवाल घेऊन सभेत भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे आधी कळायला हवं, आणि ते कळवणं हे आमच्या कामाचाच भाग आहे असं मी मानते.

सोसायटीला मी तेच समजावलं. काकांनी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते मला वाटलं होतं त्याहून लवकर उचललं. आठ घरांतून पहाटेचं पहिलं पाणी, त्याच नळाचं पाच मिनिटं वाहू दिलेलं पाणी आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी, असं सगळं आमच्या माणसांनी भरून आणलं. टाकीत आणि वाहू दिलेल्या पाण्यात शिसं २ च्या खाली. पहिल्या पाण्यात मात्र तीन घरांत २०, २६ आणि ३१. तिन्ही घरी जुने पितळी नळ. उकळून प्यायलं तर चालेल का, असं एका आजींनी विचारलं. नाही चालत, उकळल्यावर पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. हे त्यांना सांगताना त्यांचा चेहरा पडला, कारण नातवाचं दूध त्याच नळाच्या पाण्यात तयार होत होतं.

तिन्ही घरांचे नळ बदलले. दोन ठिकाणी पहाटेचं पाणी आता ३ च्या खाली आहे. तिसऱ्या घरी अजून ११.२ ± १.० येतंय. तिथे भिंतीत गाडलेल्या व्हॉल्व्हचा संशय आहे आणि पुढच्या आठवड्यात प्लंबर टाइल फोडणार आहे. तोवर त्या घरी सकाळी नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, ते पाणी फरशीला वापरायचं आणि मगच पिण्याचं भरायचं. व्हॉल्व्ह बदलल्यावर पहिली बाटली भरायला मी स्वतः जाणार आहे, ब्लँक बरोबर घेऊन.